स्टॅम्पपेपरवर सही करण्याआधी

बुऱ्हाणपूरची केळी ट्रकनेच उत्तरेकडे जातात, पावरलूमचं कापड ट्रकनेच बाहेर पडतं. इंदूरहून असीरगडमार्गे बुऱ्हाणपूर, पुढे इच्छापूर आणि मग महाराष्ट्राची सीमा ओलांडून मुक्ताईनगर, हा रस्ता अवजड गाड्यांपासून कधी मोकळा नसतो. देशात 2023 या एका वर्षात रस्त्यांवर 1 लाख 72 हजारांहून जास्त माणसं गेली, आणि अशा रस्त्याकाठच्या गावांना त्यातला आपला वाटा ठाऊक असतो. माणूस गेला की तेराव्याच्या आतच घरात दोन तऱ्हेचे सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, मालकाशी बोलून मिटवा. दुसरा म्हणतो, क्लेम टाका.

हे दोन सल्ले मी इथे समोरासमोर बसवले आहेत. मामा आयुष्यभर ट्रकच्या धंद्यात, दोन गाड्यांचे मालक. भाची बुऱ्हाणपूरच्या जिल्हा न्यायालयात वकील. ही दोघं कुणी ठरावीक माणसं नाहीत. या भागात अशा वेळी जे बोललं जातं, ते त्यांच्या तोंडी घातलं आहे. कायदा, निकाल आणि रकमा मात्र खऱ्या आहेत. प्रसंग असा धरू: केळी भरणारा बत्तीस वर्षांचा एक हमाल मोटरसायकलवरून घरी येताना ट्रकखाली गेला. मागे बायको, दोन लहान मुलं आणि म्हातारी आई. ट्रकमालकाने तीन लाख रोख देऊ केले आहेत. बदल्यात स्टॅम्पपेपरवर 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून हवं आहे.

मामा : घ्यावेत ते पैसे, असं माझं स्पष्ट मत आहे. बाईच्या हातात आज काही नाही. दहाव्याचा खर्च उधारीवर झालाय. तुझं कोर्ट उद्या तीन लाख देणार आहे का? तू पेशी घेशील, पुढची पेशी घेशील, तोवर मुलं मोठी होतील. शिवाय मला एक गोष्ट मनापासून खटकते. माणूस गेला, आणि आपण त्याचा हिशेब मांडत बसायचं?

भाची : मामा, हिशेब तर मालकानेही मांडलाच आहे. तीन लाख हा आकडा त्याने कुठून काढला? त्या आकड्यात पोराचं वय नाही, कमाई नाही, खाणारी तोंडं नाहीत. कायद्याच्या हिशेबात हे सगळं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सरला वर्मा प्रकरणात आणि 2017 मध्ये प्रणय सेठी प्रकरणात तो घालूनच दिला आहे. तुम्हीच मांडून बघा. हमालीचे महिन्याला बारा हजार धरू. चाळीस वर्षांच्या आतला आणि रोजंदारीवरचा माणूस, म्हणून पुढे कमाई वाढली असती असं मानून चाळीस टक्के वाढवायचे. झाले सोळा हजार आठशे. वर्षाचे 2 लाख 1 हजार 600. घरात अवलंबून असणारे चौघं, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा करायचा. उरले 1 लाख 51 हजार 200. एकतीस ते पस्तीस वयाला गुणक सोळा. म्हणजे 24 लाख 19 हजार 200. शिवाय बायको, मुलं आणि आई यांना नवरा, बाप, मुलगा गेल्याबद्दल प्रत्येकी वेगळी रक्कम, अंत्यसंस्काराची आणि मालमत्तेच्या हानीची वेगळी. एकूण सव्वीस लाखांच्या घरात जातं, आणि दावा दाखल केल्या तारखेपासून त्यावर व्याज.

मामा : कागदावर काहीही जातं. हमालाला पगाराची चिठ्ठी कोण देतं? बारा हजार सिद्ध कसे करशील?

भाची : चिठ्ठी नसली तर किमान वेतनाचा दर, आपल्याकडे ज्याला कलेक्टर रेट म्हणतात, तो आधाराला असतो. पण तोच शेवटचा शब्द नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलंय. मुकादमाची वही, व्यापाऱ्याचा जबाब, मोबाइलवर आलेले पैसे, मुलांची शाळेची फी, हे सगळं पुढे ठेवता येतं. आणि बाई गेली असती तरी हिशेब झालाच असता. घर सांभाळणारीच्या कामाला मोल आहे, हे 2001 मध्ये लता वाधवा प्रकरणात आणि 2021 मध्ये पुन्हा कोर्टाने मान्य केलं. आपल्याकडे अजून कितीतरी घरांत 'ती कुठे कमवत होती' म्हणून दावाच टाकत नाहीत.

मामा : बरं, मग दे उत्तर. हे सव्वीस लाख भरणार कोण? माझ्यासारखा गाडीवाला? बँकेचा हप्ता, टायर, डिझेल, टोल जाऊन माझ्या हातात काय उरतं, ते तुझ्या कायद्याला माहीत आहे का? आणि तो ड्रायव्हर, तोही कुणाचा तरी बापच. केळी म्हणजे नाशवंत माल. उशीर झाला तर भाड्यात कपात. रात्ररात्र जागून चालवतो तो. त्याला खुनी ठरवून कुणाचं भलं होणार?

भाची : तुम्ही रक्कम भरायची नाही, ड्रायव्हरनेही नाही. दरवर्षी थर्ड पार्टीचा प्रीमियम भरता ना? तो ह्यासाठीच असतो. रस्त्यावर आणायच्या प्रत्येक गाडीला तो विमा सक्तीचा आहे. गाडीचे कागद नीट असले, परमिट आणि फिटनेस चालू असलं, ड्रायव्हरकडे योग्य लायसन्स असलं, तर भरपाई विमा कंपनी भरते. मालकाने तीन लाख खिशातून दिले, तर त्याने प्रीमियमही भरला आणि वर रोखही दिली. वाचलं कुणाचं? विमा कंपनीचं. मिटवामिटवीत विधवेचं नुकसान होतं हे दिसतं, मालकाचंही होतं हे कुणी सांगत नाही.

मामा : आणि लायसन्स नसलं तर?

भाची : तर बहुतेक वेळा कोर्ट विमा कंपनीला सांगतं, आधी कुटुंबाला द्या, मग मालकाकडून वसूल करा. 2004 च्या स्वरण सिंग निकालापासून हा मार्ग रुळलाय. म्हणून तुमच्या गाडीवर कोण बसतो, त्याचं लायसन्स कुठल्या गाडीचं आहे, हे तुम्ही बघायलाच हवं. आता ड्रायव्हरचं. अपघाताची भरपाई ठरवणारं ट्रिब्युनल त्याला शिक्षा देत नाही. गुन्ह्याचा खटला वेगळा, भरपाईचा दावा वेगळा. खटल्यात तो निर्दोष सुटला तरी दावा पडत नाही, कारण इथे संशयापलीकडचा पुरावा लागत नाही. काय घडलं असण्याची शक्यता जास्त, एवढं पुरतं. आणि त्या अपघातात ड्रायव्हरच मेला असता तर? चूक त्याची असली तरी त्याच्या बायकोला कामगार भरपाईच्या कायद्याखाली मागता येतं. तुमच्या किती ड्रायव्हरांच्या घरी हे माहीत आहे?

मामांकडे या प्रश्नाला उत्तर नाही, आणि मला तो या सगळ्या बोलण्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. मोटर वाहतूक कामगारांच्या 1961 च्या कायद्यातच दिवसाला आठ तासांची मर्यादा होती. नाशवंत मालाच्या रस्त्यावर ती किती पाळली गेली, हे गाडीवाल्यांनीच सांगावं. ड्रायव्हरची दया येते म्हणून मेलेल्याच्या घराने हक्क सोडायचा, हा न्याय होत नाही. ती दया आधी गाडी पाठवणाऱ्याने आणि माल मागवणाऱ्याने दाखवायला हवी.

मामा : तू मोटरसायकलवाल्याचं सांगितलंस. पण आपल्याकडे कितीतरी माणसं मरतात ती मालाच्या गाडीत बसलेली. किनगावचं आठव.

किनगाव या भागात कुणी विसरलेलं नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये पपई भरलेला ट्रक धुळ्याकडून रावेरला येत होता. यावल तालुक्यात किनगावजवळ तो मध्यरात्री उलटला आणि वर बसलेले पंधरा मजूर मालाखाली दबून गेले. बायका होत्या, मुलं होती. आभोडा, केऱ्हाळा, रावेर इथली ही माणसं. रावेर म्हणजे बुऱ्हाणपूरला लागूनच. दोन्हीकडे नातीगोती, दोन्हीकडे तेच केळीचं काम आणि तसंच मालावर बसून घरी येणं.

मामा : तिथे केंद्राने मदत जाहीर केली, राज्याने केली. ती मिळते ना? मग वर आणखी कोर्ट कशाला?

भाची : सरकारने दिलेली मदत ही मदत आहे, मामा. मोठा अपघात झाला, बातमी झाली, म्हणून मिळते. एकटादुकटा माणूस मेला तर कोण जाहीर करतं? भरपाई हा हक्क आहे, तो बातमीवर अवलंबून नाही. पण मालाच्या गाडीवर बसून जाणाऱ्यांचा प्रश्न खरोखर कठीण आहे, ते मी लपवत नाही. मालाच्या गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असं आशा राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालाबरोबर चालला असेल, तर तो विम्यात बसतो. गाडीमालकाने कामावर ठेवलेला हमाल असेल, तर कामगार म्हणून बसतो. आणि हात दाखवून गाडी थांबवून चढला असेल, तर कंपनी अंग काढून घेते, दावा उरतो फक्त मालकावर. काही प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने अशा वेळीही कंपनीला आधी भरायला लावलं आहे, पण त्याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

मामा : म्हणजे सगळं यावर, की तो मजूर गाडीवर कोण म्हणून बसला होता?

भाची : सगळं त्यावर. आणि ते ठरतं पहिल्या जबाबात. घाबरलेला मुकादम पोलिसांना सांगतो, 'माझी माणसं नव्हती, लिफ्ट घेतली होती.' हे एक वाक्य घराचा दावा बुडवतं. ज्याने पहाटे त्यांना बागेत नेलं, ज्याने मजुरी ठरवली, त्याने तेवढं खरं सांगायला हवं. आणि तुमच्यासारख्या मालकांना माझं सांगणं आहे, हमाल गाडीवर जात असतील तर पॉलिसीत त्यांच्यासाठी जादा प्रीमियम भरा. रक्कम मोठी नसते. माणसांना मालावर बसवूच नये हे पहिलं, पण बसवणारच असाल तर निदान हे करा.

मामा : ठीक. आता माझं ऐक. तू सांगतेस ते पुस्तकातलं. मी बघतो ते बाहेरचं. दवाखान्याच्या दारात दलाल उभे. बाई शुद्धीवर यायच्या आधी तिचा अंगठा वकीलपत्रावर. मग रकमेतून तिसरा हिस्सा त्यांचा. धडक देणारी गाडी पळून गेली की विमा असलेली दुसरी गाडी कागदात उभी करायची, खोटा साक्षीदार लावायचा. हेही तुझ्याच धंद्यात होतं.

भाची : होतं. उत्तर प्रदेशात खोट्या दाव्यांच्या चौकशीला विशेष पथक नेमावं लागलं, आणि वकिलांवर कारवाई होत नाही म्हणून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या बार कौन्सिलला खडसावलं. रकमेतून टक्केवारी ठरवणं वकिलाला नियमानेच बंद आहे. कुणी मागितली तर तिथून उठावं. पैसे दलालाच्या हातात जाऊ नयेत म्हणून रक्कम थेट बँक खात्यात टाकायचं कोर्टाने 2025 मध्ये सांगितलं. मुलांच्या वाट्याची तर मुदत ठेवच होते. ही पद्धत जुनीच आहे. आणि दलाल कशाला लागतो? जिल्हा विधिक सेवा प्राधिकरण कोर्टाच्या आवारातच आहे. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांनाही तसंच.

मामा : आणि गाडी पळून गेली, सापडलीच नाही, तर?

भाची : तर खोटी गाडी उभी करू नये. 1 एप्रिल 2022 पासून अशा मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार मिळतात. अर्ज एसडीएम किंवा तहसीलदाराकडे, मंजुरी कलेक्टरची. आधी हेच पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. दोन लाख कमीच आहेत, पण खोट्या दाव्यात सापडून सगळं घालवण्यापेक्षा खरे आहेत.

मामा : आणि आपलं माणूस सीमेपलीकडे गेलं तर? मुक्ताईनगरकडे, रावेरकडे. बाई रोज महाराष्ट्रात पेशीला जाणार?

भाची : नाही जायचं. जिथे अपघात झाला तिथे दावा करता येतो, तसा अर्जदार जिथे राहतो तिथेही करता येतो. बाई बुऱ्हाणपुरात राहते, तर दावा बुऱ्हाणपूरच्या ट्रिब्युनलमध्ये. अडचण कागदांची येते. एफआयआर आणि पंचनामा तिकडच्या ठाण्याचा, मराठीत. आपलं कोर्ट हिंदीत चालतं, म्हणून भाषांतर जोडावं लागतं. नकला मिळवायला कुणीतरी त्या ठाण्यात खेटे घालायला हवेत. तेवढं काम तुम्ही करा मामा, तुमच्या ओळखी आहेत तिकडे.

मामा : करीन. पण उशीर? कंपनी अपिलात गेली तर जबलपूरचं हायकोर्ट. बाईने किती वर्षं वाट बघायची?

भाची : उशीर होतो, ते तुमचं खरं. पण अपिलात जाताना कंपनीला कायद्याने ठरलेली काही रक्कम भरूनच जावं लागतं. आणि आता पोलिसांनाही मुदती आहेत. पहिली माहिती अठ्ठेचाळीस तासांत ट्रिब्युनलला आणि विमा कंपनीला, सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत. कंपनीने स्वतःहून देऊ केलेली रक्कम पटली तर ट्रिब्युनल तिथेच निकाल देतं. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं नीट राबवायला बजावलं. सगळीकडे पाळलं जात नाही, म्हणून ठाण्यात जाऊन विचारावं लागतं. आपणही उशीर करू नये. 2022 पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आली आहे. त्या मुदतीवरून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर 2025 मध्ये झाला, पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर बसून राहायचं नसतं.

मामा : मला अजूनही वाटतं, तडजोड वाईट नाही. वैर वाढत नाही, हातात पैसा लवकर येतो.

भाची : तडजोडीला मी कुठे नाही म्हणते? आधी दावा दाखल करा आणि मग लोकअदालतीत करा. समोर विमा कंपनी असते, रक्कम लिहून होते, न्यायाधीशांसमोर होते. मुलांचा वाटा राखला जातो, आणि त्यावर अपील नसतं म्हणून पैसे अडकत नाहीत. पूर्ण हिशेबापेक्षा थोडं कमी घेऊन लवकर मोकळं व्हायचं असेल, तर तोही बाईचा निर्णय. पण निदान सव्वीस लाखांचा हिशेब समोर ठेवून तिने तो घ्यावा. तीन लाखांच्या स्टॅम्पपेपरवर सही करताना तिला हा हिशेब कुणी सांगितलेलाच नसतो. लहान मुलांचा हक्क आईने स्टॅम्पपेपरवर सोडला म्हणून कोर्ट तो गेला असं मानत नाही. पण तोवर साक्षीदार फिरलेला असतो, पोलिसांत तक्रारच नसते, आणि लढायला हातात कागद उरत नाही.

मामांचं म्हणणं मी हलकं धरत नाही. दलालांबद्दल आणि उशिराबद्दल ते बोलतात ते खरं आहे. कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या कुठल्याही घराला विचारा. पण त्यावर उपाय म्हणून ते जो कागद पुढे करतात, त्याने घराचे हात बांधले जातात. माझा कौल भाचीकडे आहे. जखमींच्या बाबतीत तर मला दुसरा विचारच सुचत नाही. हात गेलेला लूम कामगार आणि हात गेलेला कारकून यांची टक्केवारी दवाखाना सारखीच लिहितो, पण लूम कामगाराची कमाई पूर्ण बुडते. 2011 च्या राजकुमार निकालानुसार अपंगत्वाने काम किती बुडालं ते बघायचं असतं. रस्त्याकडेला झालेली कुठलीही मिटवामिटवी एवढं बघत नाही.

मे 2025 पासून अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची केंद्राची योजना लागू आहे. दवाखान्यात तिची मागणी करा. तिघं एका मोटरसायकलवर होते म्हणून काहीच मिळणार नाही, असं कुणी म्हणालं तर मानू नका. त्यामुळेच अपघात झाला हे कंपनीला दाखवावं लागतं, हेही कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे.

आपल्या ओळखीच्या घरी अशी वेळ आली, तर भेटायला जाल तेव्हा एवढं कराच: एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, गाडीचा नंबर आणि विमा पॉलिसी यांच्या नकला त्या घरात एका पिशवीत जमा होत आहेत का ते बघा, आणि विधिक सेवा प्राधिकरणाच्या वकिलाने वाचल्याशिवाय घरातल्या बाईला कुठल्याही स्टॅम्पपेपरवर सही करू देऊ नका.